दोरीच्या जोरावर उभे घर

मोकळ्या माळावर एक पलंग, दोन नारिंगी पेट्या, एक कपाट आणि मधोमध लोखंडी चूल. भोवती भिंत नाही, वर छप्पर नाही. मंगोलियातले पशुपालक कुटुंब नव्या मुक्कामी पोहोचले, की बिऱ्हाड आधी असे उघड्यावरच मांडले जाते. घर नंतर, सामानाच्या भोवती. कारण अगदी व्यवहारी आहे: दार इतके बुटके आणि अरुंद असते, की मोठे कपाट मागाहून आत नेता येत नाही. माणसे सरावाची असतील तर तासा-दोन तासांत त्या पेट्यांभोवती गोल पांढरे घर उभे राहते, धुराड्यातून धूर निघतो आणि मीठ घातलेल्या दुधाळ चहाला आधण येते.

मंगोल लोक या घराला गेर म्हणतात. बाहेरच्या जगात ते ‘यर्ट’ म्हणून ओळखले जाते. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत त्याला सर्रास तंबू म्हणून टाकतात, तो त्याच्यावर अन्याय आहे. तंबू उभा राहतो तो ताणलेल्या कापडाच्या जिवावर. कापड काढले की खेळ संपला. गेरवरचे सगळे आवरण उतरवले तरी लाकडी सांगाडा जागच्या जागी ठाम असतो. पाया खणलेला नाही, खांब पुरलेला नाही, आणि तरी वारा त्याला सहजी हलवत नाही. हे कसे साधते ते पाहायचे तर सुरुवात भिंतीपासून करावी लागते.

भिंतीला खना म्हणतात. वाळुंजाच्या किंवा लार्चच्या बारीक पट्ट्यांचे दोन थर एकमेकांवर तिरके ठेवायचे, जिथे पट्ट्या एकमेकींना छेदतात तिथे भोक पाडायचे आणि त्यातून कच्च्या चामड्याची वादी ओवून दोन्ही बाजूंना गाठ मारायची. वादी बहुधा उंटाच्या कातड्याची. खिळा मारला असता तर लाकूड चिरले असते आणि सांधा ताठ झाला असता. वादीमुळे प्रत्येक सांधा फिरता राहतो. त्यामुळे अख्खी भिंत मुंबईच्या जुन्या इमारतींतल्या लिफ्टच्या जाळीदार दरवाजासारखी मिटते आणि उघडते. मिटली की उंटाच्या पाठीवर मावेल एवढा गठ्ठा. उघडली की पुरुषाच्या छातीपर्यंत येणारी कमानदार जाळी. अशा पाच जाळ्या एकमेकींना बांधून वर्तुळ पुरे करायचे, हा सर्वसाधारण कुटुंबाचा गेर. म्हणून घराचे माप चौरस फुटांत सांगत नाहीत, किती खनांचे घर ते सांगतात. पाच खनांच्या घराचा व्यास सहा मीटरच्या आतबाहेर असतो. मंदिरांचे आणि सरदारांचे गेर आठ, दहा, बारा खनांचेही असत.

या फिरत्या सांध्यांचा आणखी एक फायदा आहे. जाळी जास्त फाकवली तर भिंत ठेंगणी होते आणि घेर वाढतो. कमी फाकवली तर भिंत उंच होते, घेर आवळतो आणि त्याच लांबीच्या दांड्यांचे छप्पर जास्त उतरते होते. म्हणजे तेच लाकूड वाऱ्याच्या दिवसांत बसके घर देते आणि पावसाच्या दिवसांत पाणी पटकन वाहून जाईल असे. भूमितीचे पुस्तक न उघडता केलेली ही भूमिती आहे.

छपराच्या दांड्यांना उनी म्हणतात. पाच खनांच्या घराला त्या ऐंशीच्या आसपास लागतात. प्रत्येक उनीच्या खालच्या टोकाला घोड्याच्या केसांच्या दोरीचा फास असतो. तो जाळीच्या वरच्या बेचक्यात अडकवतात. वरचे टोक निमुळते तासलेले असते आणि ते माथ्यावरच्या लाकडी कड्याच्या खाचेत शिरते. हे कडे म्हणजे तोनो. सगळ्या घरात सर्वांत कौशल्याचे काम याचे, आणि हा भाग जडही असतो. खाचांचे, चाकासारखे आरे असलेले तोनो हा एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात कडे मधोमध दोन अर्धांत सुटते आणि उनी दोरीने त्याला कायमच्या ओवलेल्या असतात, त्यामुळे प्रवासात छप्पर मोठ्या छत्रीच्या दोन अर्धुकांसारखे मिटवून नेता येते. सुताराने बनवलेले चांगले तोनो पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहते. आवरणाचा लोकरी नमदा झिजतो, दोऱ्या तुटतात, पट्ट्या बदलाव्या लागतात. तोनो बापाकडून मुलाकडे जाते.

आता उभारणीचा अवघड क्षण. भिंतीचे वर्तुळ दारासकट बांधून झालेले असते. एक जण मधोमध उभा राहून तोनो डोक्यावर उचलतो, त्याखाली दोन खांब येतात आणि बाकीचे चारी बाजूंनी एकेक उनी खोचतात. पहिल्या चार-सहा दांड्या बसेपर्यंत मधल्या माणसाच्या हाताला विश्रांती नसते. मग दांड्या भराभर बसत जातात आणि भार वाटला जातो. दोन खांबांना बगाना म्हणतात. आत शिरणाऱ्या पाहुण्याने त्यांना टेकू नये, त्यांच्यामधून जाऊ नये, असा दंडक आहे.

खरी गंमत यापुढे आहे. ऐंशी दांड्या कड्याला वर ढकलतात, आणि त्याच दांड्या खालच्या टोकाने भिंतीला बाहेर रेटतात. भिंत म्हणजे तर फिरत्या सांध्यांची जाळी. तिला मोकळे सोडले तर छपराच्या वजनाने ती फाकत जाईल आणि सगळे भुईसपाट होईल. तिला आवळून धरतात त्या भिंतीभोवती फिरवलेल्या दोऱ्या: एक नमद्याच्या आत, थेट जाळीवर, बाकीच्या नमद्याच्या बाहेरून. या कमरपट्ट्यांचे नाव बुस्लूर. पारंपरिक दोऱ्या घोड्याच्या शेपटीच्या व आयाळीच्या केसांच्या आणि उंटाच्या लोकरीच्या वळलेल्या. छपराचा सगळा बाहेरचा रेटा या पट्ट्या ताणाने पचवतात. दगडी घुमटाच्या पायथ्याला लोखंडी साखळ्या घालून युरोपातल्या स्थपतींनी जे साधले तेच काम इथे केसाची दोरी करते. एका अर्थी गेर लाकडावर उभा नसतोच. तो गाठींवर उभा असतो, आणि गाठ सैल पडली की घरातल्या बाईला छपराच्या आवाजावरून ते कळते.

वादळासाठी आणखी एक दोरी राखीव आहे. तोनोच्या मधून खाली लोंबणारी, एरवी छपराच्या दांड्यांत वळसा देऊन खोचलेली. तिला चागताग म्हणतात. वारा खूप चढला आणि घर उचलले जाईल अशी भीती वाटली, की ती सोडून खाली ओढतात, जड वस्तूला किंवा खुंटीला बांधतात. प्रसंगी माणसेच तिला लोंबकळतात. घराची बरकत या दोरीत असते अशी समजूत आहे, आणि ती समजूत कुठून आली असेल हे सांगायला मानववंशशास्त्रज्ञाची गरज नाही.

गेरची ही रचना सगळ्या मध्य आशियाची नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. कझाख आणि किरगिझ लोकांच्या घरात छपराच्या दांड्या खालच्या टोकाशी वाफेवर वाकवलेल्या असतात, त्यामुळे छप्पर घुमटासारखे उंच उठते. कडे हलके असते आणि आत खांब लागत नाहीत. मंगोल दांड्या सरळ, घर ठेंगणे आणि वाऱ्याला कमी अंग देणारे. मंगोलियाच्या पश्चिमेला बायान-उल्गी प्रांतात कझाख वस्ती आहे, तिथे दोन्ही घराणी एकाच खोऱ्यात पाहायला मिळतात. युनेस्कोने २०१३ साली मंगोल गेरची कारागिरी आणि चालीरीती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतल्या, आणि पुढच्याच वर्षी किरगिझ व कझाख घरांची कारागिरी. किरगिझस्तानच्या झेंड्यावर तर घराचे हे कडेच सूर्याच्या मधोमध विराजमान आहे.

लाकूडकाम, रंगकाम आणि कोरीव काम बहुधा पुरुषांकडे. शिवण आणि नमदा बायकांकडे, पण नमदा करण्याच्या दिवशी सगळी वस्तीच राबते. दिवस उन्हाळा सरता सरताचे असतात. कातरलेली लोकर पसरून माणसे समोरासमोर बसतात आणि वेतासारख्या काठ्यांनी ती झोडपतात, म्हणजे धूळ झडते आणि तंतू मोकळे होतात. मग जमिनीवर जुना नमदा अंथरायचा. त्याला म्हणतात आई-नमदा. त्यावर लोकरीचे थर पसरायचे, पाणी शिंपडायचे, मधोमध लाकडी दांडा ठेवून सगळे घट्ट गुंडाळायचे, वरून ओल्या कातड्याने लपेटून दोऱ्यांनी करकचून बांधायचे. हा लोळा घोड्यामागे किंवा उंटामागे बांधून गवतावरून लोळवत नेतात, मैलोगणती, पुढे आणि मागे. लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. ओल, दाब आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. ना ताणा ना बाणा, माग नाही की सूत नाही. लोळा सोडल्यावर आत नवा नमदा तयार असतो, त्याला लेक म्हणतात, आणि पुढच्या खेपेला तीच आई होऊ शकते. काम सुरू करताना लोकरीवर दुधाचे शिंतोडे उडवतात आणि चांगले चिंतणारे बोल म्हणतात.

या नमद्याने भिंती मढतात आणि छप्पर झाकले जाते. हिवाळ्यात दोन-तीन थर. लोकरीत कोंडलेली हवा थंडी अडवते आणि लोकरीचा नैसर्गिक तेलकटपणा पाणी. बाहेरचा तो शुभ्र सुती कपडा अलीकडचा; पूर्वी पांढरेपणासाठी नमद्यालाच लेप देत. तेराव्या शतकात मंगोल साम्राज्यात आलेला फ्रान्सिस्कन साधू विल्यम ऑफ रुब्रुक याने लिहून ठेवले आहे की नमद्यावर खडू, पांढरी माती किंवा हाडांची भुकटी चोळतात.

थंडी म्हणजे किती? या गवताळ माळांवर उणे चाळीस अंशही नवलाचे नाही. त्याच जागी उन्हाळ्यात पारा तिशीपार जातो. एकच घर दोन्ही ऋतूंना पुरे पडते ते आवरण हलवून. उन्हाळ्यात भिंतीच्या नमद्याची खालची कड हातभर वर गुंडाळली, की जाळीतून वारा खेळतो आणि तोनोतून गरम हवा निघून जाते. हिवाळ्यात हीच कड खाली सोडून भोवती आणखी एक पट्टी आवळायची, तिच्यावर बर्फ किंवा माती रचायची. माथ्यावर ओर्ख नावाचा नमद्याचा चौकोनी तुकडा असतो. सकाळी दोरीने ओढून तो अर्धा मागे दुमडायचा, रात्री किंवा पाऊस आला की झाकायचा. सकाळी उशिरापर्यंत ओर्ख झाकलेला दिसला तर शेजारी काळजीत पडतात किंवा हसतात, घरात कोण राहते त्यावर ते अवलंबून.

दार नेहमी दक्षिणेला. उत्तरेचा वारा पाठीवर घ्यायचा आणि ऊन समोरून, हे त्यामागचे शहाणपण. त्यामुळे तोनोतून आत पडणारा उन्हाचा कवडसा दिवसभर ठरल्या वाटेने भिंतीवरून फिरतो, दांड्यांवरून जाळीवर आणि जाळीवरून जमिनीवर, आणि म्हाताऱ्या माणसांना त्यावरून वेळ सांगता येते. घराचे वर्तुळ बारा प्राण्यांच्या कालचक्रातही वाटलेले आहे: उत्तरेला उंदीर, दक्षिणेला दाराशी घोडा. उत्तरेची बाजू म्हणजे खोइमोर, मानाची जागा. देवाच्या मूर्ती, पूर्वजांची छायाचित्रे, मुलांची पदके आणि आता टीव्हीसुद्धा तिथेच. दारातून शिरताना डावीकडची, पश्चिमेची बाजू पुरुषांची: खोगीर, लगाम, घोडीच्या दुधाचा आंबवलेला ऐराग ठेवण्याची कातडी पिशवी. उजवीकडे बायका, भांडीकुंडी, दूधदुभते. मधे अग्नी. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, चुलीत कचरा टाकायचा नाही, आगीकडे पाय करून बसायचे नाही. एका खोलीत तीन पिढ्या राहायच्या तर भिंतींऐवजी असे नियमच खोल्या पाडतात.

चूल पूर्वी उघडी होती, लोखंडी तिवईखाली जळणारी, आणि धूर तोनोतून जाई. धुराड्याची पत्र्याची चूल विसाव्या शतकातली. जळण मात्र जिथे झाड नाही तिथे अजूनही तेच: माळावर आपोआप वाळलेले शेण. आपल्याकडच्यासारख्या थापलेल्या गोवऱ्या नव्हेत. गाई, याक आणि घोड्यांनी टाकलेले, उन्हाने कडक केलेले, पाठीवरच्या टोपलीत वेचून आणलेले.

या घराचे वय किती, याचे उत्तर देणे कठीण, कारण लाकूड आणि लोकर मातीत टिकत नाहीत. क्वचित टिकतात. रशियन संशोधक प्योत्र कोझलोव्ह यांच्या मोहिमेने १९२४-२५ मध्ये राजधानी उलानबातरच्या उत्तरेस नोयोन उल येथील शिऑन्ग्नु या प्राचीन भटक्या लोकांच्या सरदारांची थडगी उकरली; गोठलेल्या मातीत तिथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे नक्षीदार नमदे निघाले. म्हणजे नमद्याची कला तेव्हाच पक्की झाली होती. घराचे सविस्तर वर्णन मात्र रुब्रुकचेच वाचावे. १२५३ साली निघालेल्या या साधूने गाड्यांवर चढवलेली अख्खी घरे पाहिली. चाकोऱ्यांमधले अंतर त्याने मोजले ते वीस फूट भरले; गाडीवरचे घर दोन्ही चाकांच्या बाहेर प्रत्येकी किमान पाच फूट येत होते. एका गाडीला बावीस बैल, अकरा-अकराच्या दोन रांगांत, आणि आस जहाजाच्या डोलकाठीएवढा. ही खानांची आणि सरदारांची चैन. सामान्य माणसाचे घर सुटत होते, उंटांवर लादले जात होते, आणि आजही पाच खनांचे घर अडीचशे किलोच्या आसपास वजनाचे, दोन-तीन उंटांचे ओझे असते. आता बहुतेक जण ट्रक वापरतात.

घरच काय, शहरही चालत असे. १६३९ साली चार वर्षांच्या झानाबाझारला मंगोलांचा धर्मगुरू म्हणून मान्यता मिळाली आणि त्याच्या गेरभोवती मठ उभा राहिला. मंदिरे, भिक्षू, व्यापारी, सगळे गेरांत. या मठनगरीने पुढच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत वीसपेक्षा जास्त वेळा जागा बदलली आणि १७७८ च्या सुमारास ती सेल्बे आणि तूल नद्यांच्या संगमाजवळ विसावली. परदेशी लोक तिला उर्गा म्हणत. १९२४ मध्ये तिचे नाव उलानबातर झाले.

पश्चिमेत या घराचे वेड पसरले ते एका मासिकामुळे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस मंगोलियाला जाऊन आले आणि १९६२ साली त्यांचा सचित्र लेख ‘नॅशनल जिओग्राफिक’मध्ये आला. तो पाहून मेनमधले शिक्षक विल्यम कॉपर्थवेट झपाटून गेले आणि त्यांनी लाकडी फळ्यांची, बाहेर कललेल्या भिंतींची गोल घरे बांधायला सुरुवात केली. ती कुणालाही हाताने बांधता यावीत हा त्यांचा आग्रह होता. नमदा गेला, जाळी गेली, दोरी उरली ती भिंतीच्या वरच्या कडेला लोखंडी तारेच्या रूपात. ताण तेवढा त्यांनी ओळखून उचलला, आणि म्हणूनच त्यांची नक्कल इतर हौशी ‘यर्टां’पेक्षा जास्त प्रामाणिक वाटते.

मंगोलियात मात्र गेरची परीक्षा वेगळ्याच ठिकाणी चालू आहे. देशाची लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आसपास, आणि तिच्यातली जवळजवळ निम्मी उलानबातरमध्ये. १९९० नंतर समाजवादी व्यवस्था संपली, सामूहिक पशुपालन मोडले. मग १९९९ पासून सलग तीन हिवाळे आणि पुन्हा २००९-१० चा हिवाळा असे मोठे झुद आले. झुद म्हणजे असा हिवाळा, की बर्फाखालचे गवत जनावरांना मिळत नाही आणि कळपच्या कळप मरतात. २००९-१० मध्ये देशातल्या जनावरांपैकी सुमारे पाचवा हिस्सा गेला. जनावरे गेली की माळावर राहण्याचे कारण उरत नाही. माणसांनी गेर ट्रकवर चढवला आणि राजधानीच्या उत्तरेच्या टेकड्यांवर उतरवला. २००२ च्या कायद्याने राजधानीत प्रत्येक कुटुंबाला सातशे चौरस मीटरपर्यंत जमीन मिळण्याचा हक्क दिला. त्या तुकड्याभोवती फळ्यांचे कुंपण आले. अशा वस्त्यांत आज शहराची निम्म्याहून जास्त माणसे राहतात.

माळावरचा गेर वर्षातून दोन-चारदा हलतो. त्याच्या सगळ्या सवयी त्या हलण्याशी जुळलेल्या आहेत: शौचालय नको, कारण माळ मोठा आहे, नळ नको, कारण मुक्काम पाण्याजवळ असतो, जमीन ओली झाली तर दुसरी जागा आहे, धूर वाऱ्याने जातो. टेकडीवर शेकडो कुंपणे एकमेकांना लागून आली, की यातले काहीच खरे राहत नाही. पाणी विक्रीच्या टपरीवरून प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरून हातगाडीने आणायचे. शौचासाठी कुंपणाच्या कोपऱ्यात खड्डा. शेणाच्या जागी कोळसा, आणि तीन थरांचा नमदाही हलवाहलवीशिवाय वर्षानुवर्षे तसाच राहिला की ओलसर होतो. दरीत वसलेल्या शहरावर थंडीत हवेचा झाकणासारखा थर बसतो आणि हजारो चुलींचा धूर त्याखाली कोंडतो. उलानबातरची हिवाळी हवा जगातल्या सर्वांत वाईट हवांमध्ये मोडते. २०१७ पासून काही काळ शहरात नव्याने स्थायिक होण्यावर बंधने होती, आणि सरकारने मे २०१९ पासून कच्चा कोळसा जाळण्यावर बंदी आणून त्याच्या जागी दाबलेल्या विटा दिल्या. गेरला दोष देणारे यात खूप आहेत. पण सहा महिने हिवाळा असणाऱ्या शहरात सांडपाण्याची आणि ऊबेची वाहिनी टाकणे हे सुताराचे काम नव्हते.

उलट माळावर त्याच काळात एक बदल सहज बसला. सरकारने ‘एक लाख सौर गेर’ नावाची योजना राबवली आणि २०१२ पर्यंत पाच लाखांहून अधिक पशुपालकांपर्यंत सुटसुटीत सौर संचांची वीज पोहोचली. सौर पॅनेल गेरच्या बाहेर टेकवायचे, तार जाळीतून आत घ्यायची, मुक्काम हलला की गुंडाळून घ्यायची. दिवा, मोबाइल, टीव्ही. चार खांब आणि एक अंगण असलेल्या पक्क्या घराला जी जोडणी करायला महिने लागले असते, ती इथे एका सकाळी झाली, कारण घर आधीपासूनच सुट्या भागांचे आहे.

शहरातही प्रयोग चालू आहेत. हाँगकाँग विद्यापीठातल्या ‘रूरल अर्बन फ्रेमवर्क’ या गटाने ‘गेर प्लग-इन’ नावाचा नमुना बांधला: गेर तसाच ठेवायचा आणि त्याला चिकटून न्हाणीघर, शौचालय, सांडपाण्याची सोय आणि जमिनीखालची ऊब देणारा एक पक्का भाग जोडायचा. बऱ्याच कुटुंबांनी आराखड्याची वाट न पाहता हेच केले आहे, कुंपणात विटांचे छोटे घर बांधून. थंडीत त्या घरात राहतात आणि उन्हाळा आला की शेजारच्या गेरची कड वर गुंडाळून तिथे झोपतात. लेकाचे लग्न ठरले की त्याच कुंपणात आणखी एक गेर चढतो. त्याचे सामान आणायला लोक शहराच्या पूर्वेच्या नारानतूल बाजारात जातात. तिथे रंगवलेली दारे ओळीने उभी असतात, उनींचे भारे बांधलेले असतात, नमद्याच्या गुंडाळ्या, चुली आणि धुराडी सगळे सुटे मिळते. एखादी खना मोडली असेल तर तेवढीच आणायची.